पडदा आधी की आकडा आधी

7 मे 2024 रोजी मायक्रोसॉफ्टने टोकियोतला टँगो गेमवर्क्स हा व्हिडिओ गेम बनवणारा स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच घोषणेत अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातला अर्केन स्टुडिओही गेला. मालक एक, तारीख एक, पण दोघांच्या कामगिरीत जमीन-अस्मानाचा फरक. टँगोचा ‘हाय-फाय रश’ जानेवारी 2023मध्ये आला. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, पुरस्कार मिळाले, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलच्या प्रचार विभागानेही त्याच्या यशाची जाहीर ग्वाही दिली. अर्केनचा ‘रेडफॉल’ मे 2023मध्ये आला आणि आल्या आल्या आपटला. यशस्वी आणि अयशस्वी दोघांच्याही वाट्याला टाळंच येणार असेल, तर निवाडा कुठल्या कसोटीवर झाला हे विचारायलाच हवं. कन्सोल बनवणारी कंपनी स्टुडिओची मालक होते तेव्हा निर्मितीच्या स्वातंत्र्याचं काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. वाद घालताना आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचं, ही आपल्या शास्त्रचर्चेची रीत इथे पाळली आहे. पूर्वपक्ष मालकाच्या बाजूने बोलतो. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : तुमच्या प्रश्नातच मालकाविरुद्धचा राग आहे, म्हणून आधी व्यवहार बघू. कन्सोलवर फारशी कमाई नसते, अनेकदा ते तोट्यातच विकावं लागतं. पैसा येतो तो त्यावर विकल्या जाणाऱ्या दुसऱ्यांच्या गेममधल्या वाट्यातून आणि सबस्क्रिप्शनमधून. स्वतःचे स्टुडिओ बाळगायचे ते लोकांनी आपलंच यंत्र घ्यावं म्हणून. मायक्रोसॉफ्टने 2002 साली ‘रेअर’ या स्टुडिओसाठी 37.5 कोटी डॉलर मोजले. झेनिमॅक्स घेताना, ज्यात टँगो आणि अर्केन दोन्ही आले, 750 कोटी मोजले. एकेका गेमचा खर्च कुठे गेलाय बघा. 2023 साली अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांतून कळलं की सोनीच्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ला सुमारे 22 कोटी डॉलर लागले होते. एवढी रक्कम लावणाऱ्याने नुसतं बघत बसायचं? आणि मोकळीक दिली की काय होतं याचा पुरावा तुम्हीच दिलात. मायक्रोसॉफ्टने झेनिमॅक्सच्या स्टुडिओंच्या कामात ढवळाढवळ केली नाही, आणि फळ मिळालं ते रेडफॉल. स्वातंत्र्य दिलं, ते अंगाशी आलं, दार लावलं. यात अन्याय कुठे आहे?

उत्तरपक्ष : रेडफॉलचं उदाहरण तुम्ही काढलंत हे बरं झालं, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. अर्केन ऑस्टिनची ओळख काय होती? ‘प्रे’सारखे गेम. एकट्याने खेळायचे, प्रत्येक खोलीत चार वाटांनी शिरता यावं अशी गुंतागुंत रचणारे. अशा लोकांनी काढला तो चौघा खेळाडूंनी मिळून व्हॅम्पायर मारत फिरायचा नेमबाजीचा गेम. त्या काळात झेनिमॅक्सच्या वरच्या लोकांना वर्षानुवर्षं पैसे देत राहणारे, अनेकांनी मिळून खेळायचे गेम हवे होते. नंतर ब्लूमबर्गच्या वार्तांकनातून जे बाहेर आलं ते वाचताना मन विषण्ण होतं. ‘प्रे’वर काम केलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक रेडफॉल येईपर्यंत स्टुडिओ सोडून गेले होते. मायक्रोसॉफ्टने कंपनी घेतली तेव्हा आत राहिलेल्यांपैकी काहींना आशा होती की नवा मालक येऊन हा गेम रद्द करेल, निदान एकट्याने खेळण्याजोगा करून नव्याने मांडू देईल. स्टुडिओतली माणसंच मालकाच्या हस्तक्षेपाची वाट बघत होती आणि मालक मात्र हस्तक्षेप न करण्याचं व्रत पाळत होता. आपण अर्केनच्या कामात पुरेसं लवकर लक्ष घातलं नाही, हे पुढे एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनीच कबूल केलं. तेव्हा रेडफॉल ही मोकळीक नव्हती. जुन्या मालकाचा हुकूम तसाच चालू होता आणि नव्या मालकाचं लक्ष नव्हतं. याला आपल्या भाषेत वाऱ्यावर सोडणं म्हणतात.

म्हणून मालकाने दूर राहावं असा माझा आग्रहच नाही. त्याने बघावं, विचारावं, नको ते थांबवावं. पण तो निर्णय तयार होत असलेलं काम पडद्यावर बघून घेतलेला असावा. काम सुरू होण्याआधीच ठरलेल्या आकड्यावरून किंवा विकायच्या यंत्रावरून तो घेतलेला नसावा. स्वातंत्र्य टिकतं की जातं, ते या क्रमावर ठरतं. बघणं टाळल्याची किंमतही दिसतेच आहे. रेअरचा ‘एव्हरवाइल्ड’ नोव्हेंबर 2019मध्ये जाहीर झाला आणि जुलै 2025मध्ये रद्द झाला. त्याच दिवसांत ‘परफेक्ट डार्क’ही रद्द झाला आणि तो करत असलेला ‘द इनिशिएटिव्ह’ स्टुडिओ बंद झाला. माणसांच्या उमेदीची पाच-सहा वर्षं जाईपर्यंत जो निर्णय होत नाही, त्याला उदारपणा म्हणायला मी तयार नाही.

पूर्वपक्ष : हे म्हणणं ऐकायला छान आहे, पण यात पळवाट आहे. रेअरने ‘गोल्डनआय’, ‘बॅन्जो-काझूई’सारखे गेम केले. मायक्रोसॉफ्टने त्यांना 2010 साली किनेक्ट कॅमेऱ्यासाठी ‘किनेक्ट स्पोर्ट्स’ करायला लावलं तर तुम्ही त्याला गळचेपी म्हणणार. निंटेंडोने टेक्सासमधल्या रेट्रो स्टुडिओजचे एकूण एक गेम मोडीत काढून त्यांना ‘मेट्रॉइड’ करायला बसवलं, तर ती दूरदृष्टी! दोन्हीकडे हुकूम वरूनच आला. एक गेम गाजला आणि दुसरा तुम्हाला आवडला नाही, एवढाच फरक दिसतो.

उत्तरपक्ष : आक्षेप रास्त आहे, म्हणून रेट्रोची गोष्ट जरा जवळून बघू. 1998 साली स्थापन झालेल्या या स्टुडिओत एकाच वेळी चार गेम चालले होते आणि एकही धड मार्गी लागत नव्हता. 2000 साली निंटेंडोचे ज्येष्ठ गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो तिथे आले. त्यांनी चाललेलं काम पाहिलं आणि ते बहुतेक त्यांना पसंत पडलं नाही. पण त्या लोकांनी बांधलेलं, पात्राच्या डोळ्यांनी जग दाखवणारं तंत्र त्यांच्या नजरेत भरलं, आणि त्यातून मेट्रॉइड याच पद्धतीने करून पाहावा ही कल्पना पुढे आली. बाजूने दिसणाऱ्या सपाट गेमची ती मालिका. ती नायिकेच्या शिरस्त्राणाच्या काचेआडून दाखवायची, हे चाहत्यांनाही तेव्हा पाखंड वाटलं होतं. पुढची दोन वर्षं क्योतोतली निंटेंडो आणि ऑस्टिनमधला रेट्रो यांच्यात सतत काम येत-जात राहिलं आणि नोव्हेंबर 2002मध्ये ‘मेट्रॉइड प्राइम’ आला. या गोष्टीला मी सोन्याचा मुलामा देणार नाही. बाकीचे गेम रद्द होताना तिथल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि शेवटच्या महिन्यांत उरलेल्यांनी माणसाला झेपू नयेत इतके तास काम केलं. ते समर्थनीय नाही. पण निर्णय कुठून उगवला ते बघा. त्या चमूच्याच हातात जे आपसूक चांगलं जमत होतं, त्याला धरून तो घेतला गेला.

किनेक्टचं उलट. आधी कॅमेरा तयार झाला, मग तो विकायला गेम हवा झाला, मग गेम करायला स्टुडिओ हवा झाला. रेअरच्या हातात काय होतं, हा प्रश्न त्या साखळीत शेवटी येतो. किनेक्ट स्पोर्ट्स विकला गेला, रेअरची माणसं कष्टाळू आणि कुशल होती, यात शंका नाही. पण काही वर्षांत कंपनीने किनेक्टचाच नाद सोडला आणि स्टुडिओचा तो सगळा काळ त्या यंत्राबरोबर विरला. रेअर पुन्हा आपल्या चालीने चालू लागला तो मार्च 2018च्या ‘सी ऑफ थीव्ह्ज’पासून. अनोळखी माणसांनी एका गलबतावर शिडं ओढत, नकाशे वाचत समुद्रावर भटकायचं, हा खेळ स्टुडिओच्या आतून आलेला. सुरुवातीला त्यात करण्यासारखं फार नाही म्हणून टीका झाली, मालकाने दम धरला, आणि आज तो त्यांच्या सर्वांत टिकाऊ गेमपैकी एक आहे. निंटेंडोचंही आणखी एक सांगतो. जून 2017मध्ये जाहीर केलेला ‘मेट्रॉइड प्राइम 4’ जानेवारी 2019मध्ये त्यांनी थांबवला. काम अपेक्षित दर्जाचं झालेलं नाही, आता पहिल्यापासून रेट्रोकडे देत आहोत, असं त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं. गेम यायला डिसेंबर 2025 उजाडला. म्हणजे ‘नाही’ म्हणायला दीड वर्ष लागलं. एव्हरवाइल्डला साडेपाच.

पूर्वपक्ष : निंटेंडो हा अपवाद आहे, त्यावरून नियम काढू नका. आणि तुमच्या कसोटीला सोनीचं काय उत्तर आहे? 2019पासून त्यांच्या स्टुडिओंची सूत्रं हर्मन हल्स्ट यांच्याकडे आली. हा माणूस कुणी नुसता हिशेबनीस नव्हे. ॲम्स्टरडॅमच्या गरिला स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक, गेम करण्यात हयात गेलेला. पडदा वाचता येणारा माणूस खुर्चीत असतानाच ‘कॉन्कॉर्ड’ झाला. 23 ऑगस्ट 2024ला आला, 6 सप्टेंबरला बंद केला, गिऱ्हाइकांचे पैसे परत केले, ऑक्टोबरअखेर फायरवॉक हा स्टुडिओच गुंडाळला. मग कारागिराला मालकाच्या जागी बसवून काय साधलं?

उत्तरपक्ष : चांगला माणूस नेमला की प्रश्न सुटला, असं मी म्हटलेलं नाही. क्रम उलटा असेल तर त्या खुर्चीत कोण बसलंय याने फारसं बिघडत किंवा सुधारत नाही. फेब्रुवारी 2022मध्ये सोनीने गुंतवणूकदारांना सांगितलं की मार्च 2026पर्यंत आपण दहाहून अधिक लाइव्ह सर्व्हिस गेम बाजारात आणू. लाइव्ह सर्व्हिस म्हणजे एकदा विकून न संपणारा, खेळाडूला वर्षानुवर्षं आत ठेवून पैसे मिळवत राहणारा गेम. त्यातल्या बहुतेकांचं तोंडही तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. आकडा आधी जाहीर झाला आणि मग तो भरायला स्टुडिओ कामाला लागले. एकट्याने अनुभवायच्या कथा हीच ज्यांची ओळख, अशा घरांनाही त्यात ओढलं गेलं. ओरेगॉनमधला बेंड, जुन्या गेमची पुनर्निर्मिती करण्यात हातखंडा असलेला ब्लूपॉइंट, दोघांचेही असे प्रकल्प जानेवारी 2025मध्ये रद्द झाले. नोव्हेंबर 2023मध्येच सोनीने ठरल्या मुदतीतले बारापैकी सहा गेम पुढे ढकलले होते. शुहेई योशिदा यांनी 2008पासून दशकभर हे स्टुडिओ सांभाळले. सोनी सोडल्यावर त्यांनी सांगितलं की आपण त्या जागी असतो तर या दिशेला विरोध करून पाहिला असता. त्यांना 2019मध्येच त्या पदावरून हलवण्यात आलं होतं.

आणि त्याच सोनीच्या छायेत उलट क्रमाने काय घडलं तेही बघा. गरिला वर्षानुवर्षं ‘किलझोन’ हे भविष्यातलं युद्ध करत होता. त्याच लोकांनी यंत्रांची जनावरं आणि धनुष्यबाण घेतलेली मुलगी असं जग सुचवलं, सोनीने ते करू दिलं आणि 2017 साली ‘होरायझन’ उभा राहिला. नॉटी डॉगने ‘द लास्ट ऑफ अस’चा ऑनलाइन गेम कित्येक वर्षं घडवला आणि डिसेंबर 2023मध्ये स्वतःहून थांबवला. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं. हा गेम चालवत राहायचा तर पुढची अनेक वर्षं सगळा स्टुडिओ त्यालाच जुंपावा लागेल आणि एकट्याने खेळायच्या गेमना हात उरणार नाहीत. हा निर्णय काम आतून पाहिलेल्यांनी घेतला, आणि मालकाने तो मान्य केला. मुद्दा प्रकाराचा नाहीच. फेब्रुवारी 2024मधला ‘हेलडायव्हर्स 2’ लाइव्ह सर्व्हिसच आहे आणि सोनीच्या इतिहासात इतक्या वेगाने विकले गेलेले गेम विरळा. पण तो करणारा स्टॉकहोमचा ॲरोहेड सोनीच्या मालकीचा नाही, आणि चौघांनी मिळून लढायची ती गंमत ते आपल्या आधीच्या गेमपासून घोटत आले होते.

पूर्वपक्ष : तुम्ही निकाल लागल्यावर कारणं जुळवताय. जो गेम चालला त्याच्या मालकाने पडदा पाहिला होता, जो पडला त्याच्या मालकाने आकडा! कॉन्कॉर्ड चालला असता तर तुम्ही सोनीच्या धाडसाचं कौतुक केलं असतं. शिवाय संयमाची किंमत तुम्ही सांगत नाही. ‘द लास्ट गार्डियन’ 2009मध्ये जाहीर झाला, 2016मध्ये आला. सोनीने वाट पाहिली, काम पाहिलं, कलावंताला वेळ दिला. तो गेम ज्या जपान स्टुडिओतून आला, त्याचा बहुतेक भाग 2021मध्ये बंद करावा लागला. तुमच्या रीतीने वागणाराही बुडतो.

उत्तरपक्ष : तुमच्या सगळ्या आक्षेपांत हा सर्वांत वजनदार. निकालावरून कारण शोधायचं नसेल तर कसोटी निकालाआधी लावता आली पाहिजे, आणि ती लावता येते. अमुक वर्षापर्यंत अमुक इतके गेम, हे वाक्य 2022मध्ये जाहीरच होतं. तेव्हा एकही निकाल लागलेला नव्हता, आणि हा क्रम उलटा आहे हे त्या दिवशीच म्हणता आलं असतं. ही कसोटी यशाची हमी देते असा दावा मी करत नाही. काम पाहून घेतलेले निर्णयही चुकतात. पण अशा चुकीतून स्टुडिओच्या हाती काही उरतं, पुढच्या कामाला लागणारं कौशल्य उरतं. जपान स्टुडिओचंच घ्या. त्याच छपराखाली टीम असोबी हा चमू वाढला, बाकीचं मोडताना सोनीने तो ठेवला, आणि साठ-पासष्ट माणसांनी साधारण तीन वर्षांत केलेला ‘ॲस्ट्रो बॉट’ 2024 साली द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. त्याच वर्षी ज्या कंपनीचा कॉन्कॉर्ड पंधरवडाभरही टिकला नाही, तिचाच हा गेम.

दुसरं उदाहरण मायक्रोसॉफ्टच्याच पदरातलं आहे, आणि ते सांगताना मला मनापासून आनंद होतो. 2018 साली त्यांनी घेतलेल्या ऑब्सिडियनमध्ये जॉश सॉयर यांनी जेमतेम डझनभर माणसांना घेऊन ‘पेंटिमेंट’ केला. तो नोव्हेंबर 2022मध्ये आला. सोळाव्या शतकातलं बव्हेरिया, एक मठ, एक चित्रकार आणि एक खून. पात्रं बोलत नाहीत, त्यांचं बोलणं पडद्यावर लिहिलं जातं. शेतकऱ्याचं अक्षर वेगळं, भिक्षूंचं वळण वेगळं. छापखानेवाल्याचं बोलणं खिळे जुळवल्यासारखं उमटतं. लिहिताना चूक होते, ती खरवडली जाते, पुन्हा लिहिली जाते. माणूस संतापला की शाईचे शिंतोडे उडतात. देवाचं नाव आलं की तिथे जागा सोडलेली असते आणि बाकीचं वाक्य काळ्या शाईत पूर्ण झाल्यावर ते लाल शाईने भरलं जातं, हस्तलिखितांत भरत तसं. कुठल्याही कंपनीच्या पंचवार्षिक नियोजनात ‘लाल शाईने भरायचं देवाचं नाव’ ही नोंद सापडणार नाही. ते फक्त कामाशी बसलेल्या माणसाला सुचतं. मायक्रोसॉफ्टची ‘गेम पास’ ही मासिक वर्गणीची सेवा नसती तर असा गेम करता आला नसता असं सॉयर यांनीच म्हटलंय. तेव्हा श्रेय मायक्रोसॉफ्टला द्यायलाच हवं, आणि मी ते हात आखडता न घेता देतो.

पण म्हणूनच टँगोचा घाव जास्त लागतो. हाय-फाय रशही त्याच गेम पासवर पहिल्या दिवसापासून होता. भयकथा करणाऱ्या स्टुडिओने संगीताच्या ठेक्यावर मारामारी बांधली. झाडं, दिवे, शत्रू, नायकाची पावलं, सगळं एका तालात. महिन्याच्या वर्गणीत शेकडोंच्या राशीत ठेवलेल्या अशा गेमचं यश मोजायचं कसं? प्रती मोजाव्यात तर वर्गणीदाराला त्या विकत घ्यायची गरजच नव्हती. वर्गणीदार मोजावेत तर कोण कशासाठी आला हे कसं सांगणार? मोजपट्टी मालकाच्या कपाटात आणि तिच्यावरच्या खुणा बनवणाऱ्याला ठाऊक नाहीत. टँगो बंद करण्याच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी एक्सबॉक्स स्टुडिओंचे प्रमुख मॅट बूटी यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की कंपनीला मान आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे गेम हवेत, असं वृत्त प्रसिद्ध झालं. जे हवं म्हणून सांगितलं, तेच आदल्या दिवशी बंद केलं होतं. काम बघून हा निर्णय झाला असता तर ही दोन वाक्यं चोवीस तासांच्या आत एका कंपनीतून निघाली नसती.

पूर्वपक्ष : समजा, हे सगळं मान्य केलं. तरी कंपन्या आकडे ठरवणारच, स्टुडिओ बंद होणारच. शेअरधारकांना ‘आधी पडदा बघतो’ असं सांगून चालत नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय ते तरी सांगा.

उत्तरपक्ष : शेअरधारकांचं उत्तर निंटेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी देऊन ठेवलंय. कंपनीचा वी यू हा कन्सोल पडला तेव्हा कपात करा असा दबाव होता. नोकरीच्या भीतीखाली माणसं चांगले गेम करू शकणार नाहीत असं त्यांनी भागधारकांच्या सभेत सांगितलं आणि 2014च्या सुरुवातीला पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. ते सगळ्यांना जमेल असं मी समजत नाही. म्हणून मागणी छोटी करतो. मालकाने स्टुडिओ बंद करायचं ठरवलं, तर त्या चमूला त्यांनी घडवलेल्या गेमचं नाव आणि हक्क योग्य मोबदल्यात घेण्याची पहिली संधी मिळावी, आणि हे स्टुडिओ विकत घेतानाच्याच करारात लिहिलेलं असावं. आज तसं नाही. बंजी हा स्टुडिओ 2007मध्ये मायक्रोसॉफ्टपासून मोकळा झाला तो ‘हेलो’ मागे ठेवून. गिल्डफर्डचा लायनहेड 2016मध्ये बंद झाला, ‘फेबल’ हे नाव मालकाकडे राहिलं आणि पुढे दुसऱ्या स्टुडिओकडे गेलं. काम काढून घेतलं जातं तेव्हा काय वाटतं हे पुण्या-मुंबईत माहीत आहे. युबिसॉफ्ट कन्सोल बनवत नाही, पण 2020 साली वाजतगाजत जाहीर झालेली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची पुनर्निर्मिती तिच्या या दोन शहरांतल्या स्टुडिओंकडे होती आणि 2022मध्ये ती माँट्रियलला हलवली गेली.

यावर तुम्ही म्हणाल की अशा अटीमुळे स्टुडिओची किंमत उतरेल. थोडी उतरेल. पण जो मालक काम बघून निर्णय घेणार आहे, त्याला ही अट फारशी महाग पडत नाही, कारण चांगलं काम तो बंदच करणार नाही. महाग पडते ती न बघता बंद करणाऱ्याला, आणि ती तशी पडावी म्हणूनच ती हवी. हे अशक्य नाही. ऑगस्ट 2024मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने टँगोचा चमू आणि हाय-फाय रशचे हक्क दोन्ही घेत असल्याचं जाहीर केलं, आणि मायक्रोसॉफ्टने ते जाऊ दिले. बंदची घोषणा आणि हा करार यांत तीन महिने गेले. अट आधीपासून कागदावर असती, तर ते तीन महिने टोकियोतल्या त्या माणसांना बेरोजगारीच्या सावटाखाली काढावे लागले नसते.